यंत्रांची प्रतिबंधात्मक देखभाल सुरू करताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

‘बंद पडले की दुरुस्त करू’ या पद्धतीने चालत आलेल्या ठिकाणी देखभालीची जबाबदारी नव्याने अंगावर आली की बहुतेक जण सर्वप्रथम कुठून तरी एक लांबलचक चेकलिस्ट मिळवतात आणि ती सगळ्या यंत्रांना सरसकट लावून मोकळे होतात. सुरुवातीचे काही आठवडे ती मन लावून भरली जाते. पुढे पुढे यंत्राकडे न बघताच टेबलावर बसून बरोबरच्या खुणा होऊ लागतात, यंत्रे पूर्वीइतकीच बंद पडतात आणि वरिष्ठांना वाटते की प्रतिबंधात्मक देखभाल म्हणजे वेळेचा अपव्यय. या घोळातून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की कामांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक काम नेमका कोणता बिघाड टाळण्यासाठी आहे हे सांगता येणे महत्त्वाचे आहे. ज्या कामाबद्दल ते सांगता येत नाही, ते यादीत घालूच नये.

या मताला जुना आधार आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ साली विमानांच्या देखभालीविषयी एक अहवाल सादर केला. त्यात अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्के भागांमध्ये वापराचा काळ वाढेल तशी बिघाडाची शक्यता वाढताना दिसली. ६८ टक्के भागांमध्ये ती शक्यता भाग बसवल्यानंतर लगेचच सर्वाधिक होती आणि नंतर कमी होऊन स्थिर राहत होती. कारखान्यात धूळ, ओल आणि घर्षण जास्त असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. परंतु नीट चालणारे यंत्र विनाकारण उघडले तर बिघाड टळण्याऐवजी ओढवू शकतो, हे मात्र कोणत्याही अनुभवी फिटरला पटेल.

१. यंत्रांची नोंदवही तयार करा

कागद घेऊन प्रत्यक्ष यंत्रांपाशी जा. खरेदीच्या फाइलवरून किंवा हिशेबाच्या यादीवरून नोंदवही बनवू नका, कारण त्या यादीतील काही यंत्रे केव्हाच भंगारात गेलेली असतात आणि नंतर बसवलेले पंप तिच्यात नसतात. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक द्या, तो यंत्रावर न पुसला जाईल असा रंगवा आणि नेमप्लेटचा स्पष्ट फोटो काढा. मोटर असेल तर किलोवॅट, व्होल्टेज, पूर्ण भाराचा करंट, फेऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचे क्रमांक लिहून घ्या. गिअरबॉक्स असेल तर गुणोत्तर, तेलाचा प्रकार आणि ते किती लिटर मावते याची नोंद करा. नेमप्लेटवर रंगाचा थर चढलेला असल्यास तो हलक्या हाताने काढून वाचा. अंदाजाने काहीही लिहू नका.

२. कोणते यंत्र थांबले की काय थांबते, ते ठरवा

सगळ्या यंत्रांना सारखे लक्ष देणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते. प्रत्येक यंत्राबाबत चार प्रश्न विचारा: ते बंद पडल्यास कोणाला इजा होऊ शकते का, उत्पादन थांबते का, पर्यायी यंत्र हाताशी आहे का आणि दुरुस्तीला किती वेळ लागतो. उत्तरांवरून अ, ब आणि क असे तीन गट करा. अ गटाला आधी हात घाला. क गटातील काही यंत्रे, उदाहरणार्थ दुसरा नग लगेच बसवता येईल असा छोटा एक्झॉस्ट पंखा, बंद पडेपर्यंत चालू देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. फक्त तो लेखी असावा.

ही वर्गवारी एकट्याने करू नका. उत्पादन विभागाचा पर्यवेक्षक आणि तिन्ही पाळ्यांतील किमान एकेक ऑपरेटर सोबत असावा. कोणता कंप्रेसर बंद पडला की कोणत्या लाइनची हवा जाते, हे कार्यालयातील आराखड्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

३. कागदपत्रे आणि साधने जमवा

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी हव्यात:

- यंत्रनिर्मात्याची माहितीपुस्तिका, तीही त्याच मॉडेलची
- विद्युत जोडणीचा नकाशा, नंतर केलेल्या बदलांसह
- वंगणाचा तक्ता आणि सुट्या भागांची यादी
- आतापर्यंतच्या बिघाडांची नोंद. ती नसेल तर स्टोअरमधून कोणते भाग किती वेळा काढले गेले याचा हिशेब
- वॉरंटीच्या अटी
- दाबपात्रे, लिफ्ट, क्रेन अशा ज्या उपकरणांना कायद्याने तपासणी बंधनकारक असते त्यांची प्रमाणपत्रे आणि पुढच्या तपासणीची तारीख

साधनांमध्ये टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा), क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा), मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण), इन्फ्रारेड थर्मामीटर, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), डायल गेज, ग्रीस गन, कंपन मोजण्याचे साधे उपकरण आणि प्रत्येक कामगारासाठी स्वतंत्र कुलूप व टॅग एवढे असले तरी सुरुवात होते. मोजमापाच्या उपकरणांचे कॅलिब्रेशन झालेले असल्याची खात्री करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर अनेकदा फसवतो. चकचकीत धातूचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमचे तापमान प्रत्यक्षापेक्षा खूप कमी दिसू शकते. त्यावर उपाय म्हणून मोजण्याच्या जागी मॅट काळ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि प्रत्येक वेळी त्याच ठिपक्यावर, तेवढ्याच अंतरावरून तापमान घ्या.

४. बिघाडाकडून कामाकडे या

संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. अ गटातील एक यंत्र घ्या आणि ते कोणकोणत्या प्रकारे निकामी होऊ शकते ते लिहून काढा. साध्या सेंट्रीफ्यूगल पंपाचे उदाहरण घेऊ. त्याचे मेकॅनिकल सील गळू शकते, बेअरिंग जाऊ शकते, कपलिंगचा (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाचा) रबर झिजू शकतो, गाळणी तुंबून पंप कोरडा पडू शकतो, इम्पेलर (पाणी ढकलणारे आतले फिरते चक्र) झिजून प्रवाह कमी होऊ शकतो. आता प्रत्येक बिघाडासमोर विचारा की तो येण्याआधी काही खूण दिसते का. बेअरिंग जाण्याआधी कंपन वाढते आणि आवाज बदलतो, तेव्हा तिथे ठरावीक काळाने कंपन मोजणे हे योग्य काम ठरते. गाळणी तुंबू लागली की गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढतो, म्हणून दाबमापक वाचणे पुरते. दर आठवड्याला गाळणी उघडण्याची गरज नसते.

खूण दिसत नसेल, परंतु भाग ठरावीक वापरानंतर झिजतोच, असे असेल तर तो मुदतीने बदला. खूणही नाही आणि ठरावीक आयुष्यही नाही, असा भाग असेल तर सुटा भाग हाताशी ठेवणे किंवा पर्यायी यंत्राची सोय करणे एवढेच शहाणपणाचे असते. इलेक्ट्रॉनिक कार्डे बरेचदा या गटात मोडतात. दर सहा महिन्यांनी कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवण्याची पद्धत मी पाहिली आहे आणि तिचा उपयोग कनेक्टर सैल करण्याखेरीज काही झालेला दिसत नाही. पॅनेलमधील धुळीचा फिल्टर बदलणे आणि पंखा चालतो की नाही ते पाहणे यांतून त्या कार्डाचे अधिक भले होते.

संरक्षक साधने वेगळ्या नजरेने पाहावी लागतात. सेफ्टी व्हॉल्व्ह, लेव्हल स्विच, आणीबाणीचे बटण ही साधने बिघडली तरी रोजच्या कामात कळत नाही. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशीच कळते. त्यामुळे त्यांची मुद्दाम चाचणी घेणे हे काम यादीत असायलाच हवे.

५. कामांची मुदत ठरवा

निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली मुदत हा आरंभबिंदू माना, आणि वॉरंटी चालू असेपर्यंत ती काटेकोरपणे पाळा. त्यानंतर स्वतःच्या परिस्थितीप्रमाणे ती बदलता येते. तपासणीच्या कामांसाठी नियम असा की पहिली खूण दिसल्यापासून भाग निकामी होईपर्यंत जेवढा काळ जातो, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त अंतराने तपासणी करू नये. समजा, कंपन वाढल्यापासून बेअरिंग जाईपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. तर महिन्यातून एकदा मोजणे आवश्यक आहे. तीन महिन्यांतून एकदा मोजल्यास मधल्या मध्ये बेअरिंग जाईल आणि तपासणी वेळेवर झाली असे कागदावर मात्र दिसत राहील.

तेल बदलणे, फिल्टर बदलणे यांसारखी कामे शक्यतो चालू तासांवर बांधा. कंप्रेसर दिवसाला सहा तास चालतो की बावीस, यावर सगळे अवलंबून असते. याउलट राखीव पंपासारखे उभे असलेले यंत्र कॅलेंडरवर बांधावे लागते. शेजारच्या यंत्राच्या कंपनामुळे उभ्या यंत्राच्या बेअरिंगमध्ये एकाच जागी खळगे पडतात, म्हणून त्याचा शाफ्ट ठरावीक दिवसांनी फिरवून वेगळ्या स्थितीत ठेवावा.

काम किती पुढेमागे चालेल तेही आधीच ठरवा. मुदतीच्या दहा टक्के हा प्रचलित नियम आहे; म्हणजे तीस दिवसांचे काम तीन दिवस इकडे-तिकडे झाले तर हरकत नाही. तसेच मुख्य आणि राखीव अशा दोन्ही पंपांची उघडझाप एकाच दिवशी करू नका. जोडणीत चूक राहिलीच तर ती दोन्हीकडे सारखीच राहते आणि राखीव पंप असूनही लाइन थांबते.

६. चेकलिस्टची प्रत्येक ओळ मोजता येईल अशी लिहा

‘बेअरिंग तपासा’ ही ओळ निरुपयोगी आहे. काय तपासायचे, कुठे, कशाने आणि किती आले तर काय करायचे, हे चारही त्यात नाही. तीच ओळ अशी लिहिता येते: ‘मोटरच्या ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगवरील काळ्या ठिपक्यावर, यंत्र किमान एक तास चाललेले असताना तापमान मोजा आणि आकडा लिहा, मागील नोंदीपेक्षा १० अंशांनी जास्त असल्यास त्याच पाळीत पर्यवेक्षकाला कळवा.’ खूण करण्याचा चौकोन शक्य तिथे काढून टाका आणि त्या जागी आकडा लिहायची रिकामी जागा ठेवा. आकडा लिहायचा म्हटले की माणसाला यंत्रापर्यंत जावेच लागते.

कंपनासाठी मर्यादा कुठून आणायची, असा प्रश्न नवख्याला पडतो. आयएसओ १०८१६-३ या मानकात, ज्याची जागा पुढे आयएसओ २०८१६-३ ने घेतली, १५ ते ३०० किलोवॅटच्या मध्यम यंत्रांसाठी आणि भक्कम पायावर बसवलेल्या स्थितीसाठी १.४, २.८ आणि ४.५ मिलिमीटर प्रतिसेकंद अशा पायऱ्या दिल्या होत्या. पहिल्या पायरीखालील यंत्र नव्यासारखे, २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवण्याजोगे, त्यापुढे मर्यादित काळच चालवावे असे, आणि ४.५ च्या वर हानी होण्याचा धोका. तरीही एकट्या आकड्यापेक्षा आकड्याची चाल अधिक बोलकी असते. महिनोन्‌महिने १.१ दाखवणारी मोटर अचानक २.२ दाखवू लागली, तर मर्यादेच्या आत असूनही तिच्याकडे लगेच बघावे.

७. ऊर्जा तोडल्याशिवाय हात लावू नका

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य आयसोलेटर (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावा. काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप असावे आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असावी. आणीबाणीचे बटण दाबणे किंवा कंट्रोल पॅनेलवरून यंत्र थांबवणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. त्यानंतर साठलेली ऊर्जा काढा: हवेच्या लाइनमधील दाब सोडा, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर रिकामा करा, वर उचललेला भाग खाली घ्या किंवा आधार देऊन अडवा, ताणलेली स्प्रिंग मोकळी करा. व्हीएफडीमधील (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातील) कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही काही मिनिटे भारित राहतात. किती वेळ थांबायचे ते त्याच्या आवरणावर छापलेले असते.

वीज खरोखर गेली आहे का हे तपासताना टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो नीट चालतो का ते पाहा, मग बंद केलेल्या जागी लावा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून बघा. टेस्टरच नादुरुस्त असल्यामुळे झालेले अपघात थोडे नाहीत. सर्वांत शेवटी स्टार्टचे बटण दाबून यंत्र सुरू होत नाही याची खात्री करा आणि बटण पुन्हा बंद स्थितीत आणा.

८. वंगण: थोडे कमी तसेच थोडे जास्तही घातक

नवखा माणूस ग्रीस गन हातात घेतो आणि बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहतो. जास्तीचे ग्रीस बेअरिंगमध्ये घुसळले जाते, त्याने उष्णता वाढते, आणि मोटरच्या बाबतीत ते सील ओलांडून आतल्या वाइंडिंगपर्यंत पोहोचू शकते. किती ग्रीस भरायचे याचा एक सर्वमान्य हिशेब आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि त्याला ०.००५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येते. ६३१२ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १३० आणि रुंदी ३१ मिलिमीटर असते, म्हणजे साधारण २० ग्रॅम. आपली गन एका दाबात किती ग्रीस टाकते हे माहीत नसेल तर दहा वेळा दाबून निघालेले ग्रीस वजनकाट्यावर मोजा, दहाने भागा आणि तो आकडा गनवरच लिहून ठेवा.

ग्रीस भरण्याआधी निपल (गन जिथे लावतात ते तोंड) स्वच्छ पुसा, नाहीतर त्यावरची धूळ थेट बेअरिंगमध्ये ढकलली जाते. खालचा ड्रेन प्लग उघडा, मोजून ग्रीस भरा, प्लग उघडा ठेवूनच यंत्र थोडा वेळ चालवा आणि जादा ग्रीस बाहेर पडल्यावर प्लग लावा. ग्रीस भरल्यावर काही तास बेअरिंगचे तापमान किंचित वाढलेले दिसते. ते पुन्हा खाली आले नाही तरच काळजी करावी. बेअरिंगच्या क्रमांकापुढे ‘झेडझेड’ किंवा ‘टू-आरएस’ असेल तर ते दोन्ही बाजूंनी बंद, ग्रीस भरूनच आलेले बेअरिंग असते आणि त्यात वरून ग्रीस भरायचे नसते.

दोन सापळे इथे सांगायला हवेत. पहिला म्हणजे ग्रीसचे मिश्रण. मोटरमध्ये पुष्कळदा पॉलियुरियाचे ग्रीस असते आणि स्टोअरमध्ये लिथियमचे. ही दोन्ही एकमेकांत मिसळली की मिश्रण पातळ होऊन वाहून जाण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक ग्रीससाठी वेगळी गन ठेवा आणि निपलपाशी त्या ग्रीसच्या रंगाची खूण करा. दुसरा सापळा तापमानाचा. बेअरिंग ७० अंश सेल्सिअसच्या वर चालत असेल तर दर १५ अंशांमागे ग्रीस भरण्याची मुदत निम्मी करावी लागते. शाफ्ट उभा असेल तरीही ती निम्मी करतात. भट्टीजवळच्या आणि थंड खोलीतल्या मोटरला एकच मुदत लावली की भट्टीजवळची मोटर आधी जाते.

९. पट्टे आणि विद्युत भाग

व्ही-बेल्टचा ताण तपासताना दोन पुलींमधील मोकळ्या लांबीच्या मध्यावर, निर्मात्याच्या तक्त्यात दिलेल्या जोराने दाबा. दर मीटर लांबीमागे सुमारे १६ मिलिमीटर पट्टा दबला पाहिजे. नवा पट्टा पहिल्या दिवसा-दोन दिवसांत बसतो आणि सैल होतो, त्यामुळे तेव्हा ताण पुन्हा तपासणे हे वेगळे काम म्हणून लिहा. एका पुलीवर तीन पट्टे असतील आणि एक तुटला असेल तर तिन्ही एकदम बदला, अन्यथा सगळा भार नव्या पट्ट्यावर येतो. मोटर पुढे सरकवून पट्टा चढवा. स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवलेल्या पट्ट्याचे आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पॅनेलमधील जोडण्या दर महिन्याला पान्याने आवळण्याची सवय मोडा, कारण वारंवार आवळल्याने आटे आणि तारा दोन्ही खराब होतात. यंत्र किमान ४० टक्के भारावर असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहा आणि जी जोडणी शेजारच्या फेजपेक्षा गरम दिसेल तीच वीज तोडून, टॉर्क पान्याने, दिलेल्या मापाने आवळा. सैल जोडणीतील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. निम्म्या करंटला ती चौथाईच असते, म्हणून रिकामे चालणाऱ्या यंत्राचे चित्र नेहमी निर्दोष दिसते.

मोटरचे इन्सुलेशन मेगरने तपासताना व्हीएफडीच्या तारा आधी सोडवा, नाहीतर चाचणीचा विद्युतदाब व्हीएफडीच्या आतल्या भागांवर जाऊन ते जळू शकतात. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकानुसार १,००० व्होल्टपेक्षा कमी दाबाच्या मोटरसाठी ४० अंश सेल्सिअसला किमान ५ मेगाओहम अपेक्षित असतात. वाइंडिंगचे तापमान १० अंशांनी वाढले की वाचन साधारण निम्मे होते, म्हणून मेगरच्या आकड्यासोबत तापमान लिहिले नाही तर गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

१०. सुटे भाग

अ गटातील यंत्रांचे, मिळायला वेळ लागणारे भाग आधी घ्या. बेअरिंग मूळ वेष्टनात आणि आडवे ठेवा, राखीव मोटर कंपन नसलेल्या कोरड्या जागी ठेवून तिचा शाफ्ट अधूनमधून फिरवा, आणि रबरी सील उन्हापासून दूर, पसरट ठेवा; खिळ्याला टांगून ठेवलेली ओ-रिंग वापरण्याआधीच वाकडी झालेली असते.

११. नोंदी वाचा आणि कामे कमी करा

दर महिन्याला तीन गोष्टी पाहा: ठरलेल्या कामांपैकी किती मुदतीत झाली, तपासणीत सापडलेल्या दोषांपैकी किती दुरुस्त झाले, आणि बंद पडलेल्या यंत्रांपैकी किती वेळा बिघाड आपल्या यादीत होता. यातला मधला आकडा सर्वाधिक दुर्लक्षित असतो. ऑपरेटरने गळती लिहून दिली आणि दोन महिने कोणी फिरकले नाही, तर तो तिसऱ्यांदा लिहीत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

वर्षभराने प्रत्येक काम तपासा. ज्या तपासणीत एकदाही दोष सापडला नाही आणि त्या भागामुळे यंत्रही थांबले नाही, तिची मुदत वाढवता येते. मात्र सेफ्टी व्हॉल्व्हसारख्या संरक्षक साधनांच्या आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या तपासण्यांना हा नियम लावू नका. दरवेळी दोष सापडत असेल तर मुदत कमी करण्याआधी दोषाचे मूळ शोधा. दर महिन्याला कपलिंगचा रबर जात असेल तर रबर लवकर बदलत राहण्यापेक्षा डायल गेज लावून अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते पाहावे. काढून टाकलेले काम यादीतून पुसू नका. त्यापुढे तारीख, कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहा, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस तेच काम विसरले गेले असे समजून पुन्हा यादीत घालणार नाही.